टीव्ही विजेने जळाला की न्यूट्रलने? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घरांना एसपीडी किती वाचवणार

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर पारा 45 च्या आसपास, हवा एकदम पडलेली. मग अचानक आभाळ भरून येतं, वारा सुटतो, दूर जंगलात कुठेतरी फांदी मोडते आणि लाईन जाते. अर्ध्या-पाऊण तासाने लाईन येते, पण काहीतरी बिनसलेलं असतं. पंखा नेहमीपेक्षा जोरात आवाज करतो. टीव्हीच्या मागून फट्ट असा आवाज येतो आणि जळका वास सुटतो. राउटरचे दिवे बंद. भिंतीतच राहिलेला मोबाईलचा चार्जर हातात घेतला तर गरम. दुसऱ्या दिवशी गावभर एकच वाक्य फिरतं: "काल वीज पडली, सगळं जळालं."

या वाक्यात बऱ्याचदा एक मोठी चूक असते. आभाळातली वीज पडणं आणि खांबावरचा न्यूट्रल तुटणं या दोन पूर्णपणे वेगळ्या घटना आहेत. वादळात दोन्ही एकाच वेळी घडू शकतात, दोन्हींत वस्तू जळतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, बाजारातला डबा वेगळा आहे आणि जबाबदारी कुणाची हेही वेगळं आहे. ऑनलाईन 'सर्ज प्रोटेक्टर' शोधून पहिला दिसेल तो मागवण्याआधी हा फरक समजून घ्या. नाहीतर पैसे जातील आणि टीव्हीही जाईल.

वीज इथेच बनते

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. तिथून निघणाऱ्या विजेसाठी चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी 500 किलोव्होल्टची, सुमारे 752 किलोमीटर लांबीची डीसी लाईन आहे. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रिड जोडणारं 1000 मेगावॅटचं एचव्हीडीसी स्टेशन आहे. म्हणजे विजेच्या बाबतीत हा भाग मागास वगैरे अजिबात नाही, उलट मुंबईकडचे दिवे लावणारा आहे.

आता गंमत बघा. या सगळ्या मोठ्या यंत्रणेला आभाळातल्या विजेपासून वाचवायला जे अरेस्टर बसवलेले असतात, त्यांच्या पोटात झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात. घरच्या बोर्डात बसणाऱ्या छोट्या एसपीडीत, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइसमध्येही तोच पदार्थ असतो. मुंबईला जाणाऱ्या लाईनचा रखवालदार आणि भामरागडच्या घरातल्या राउटरचा रखवालदार एकाच मातीचे. फरक एवढाच, की लाईनवर तो ठरवून, मोजून बसवला जातो. घरात तो नसतो, कारण घरापर्यंत वीज आणण्याच्या हिशेबात त्याची गणतीच झालेली नाही.

2017 साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत घराला काय मिळायचं ते आठवा. सर्व्हिस केबल, मीटर, एका पॉइंटचं वायरिंग, एक एलईडी दिवा आणि त्याला लागणारं साहित्य. पुढे 15 नोव्हेंबर 2023 ला पीएम-जनमन जाहीर झालं. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन समाजांच्या वस्त्या त्यात येतात. म्हणजे गडचिरोलीतल्या माडिया वस्त्या आणि जिवती-कोरपना भागातले कोलाम गुडे. ही कामं गरजेचीच होती, त्यात वाद नाही. पण मोजणी झाली ती कनेक्शनची. त्या एका पॉइंटवर उद्या मोबाईल लागेल, मग टीव्ही, मग फ्रिज, मग पोराच्या अभ्यासाचा लॅपटॉप, आणि हे सगळं जंगलातून कित्येक किलोमीटर उघड्या तारांवरून आलेल्या विजेवर चालेल, याचा विचार कुणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

दोन घटना, दोन वेळा

आधी आभाळातली वीज. ती तुमच्या घरावर पडायलाच हवी असं नाही. 11 केव्हीच्या लाईनवर किंवा तिच्या जवळच्या सागाच्या झाडावर पडली तरी तारांमध्ये हजारो व्होल्टची लाट उठते आणि तारेवरून धावत डीपीपर्यंत, तिथून घरापर्यंत येते. डीपीवर लाईटनिंग अरेस्टर असतात, पण ते रोहित्र वाचवायला असतात. लाटेचा उरलेला भाग पुढे घरात येतोच. ही लाट टिकते मायक्रोसेकंदांत. एसपीडीची चाचणी ज्या ठरलेल्या लाटेने होते, तिचं नाव 8/20. म्हणजे 8 मायक्रोसेकंदांत टोक गाठायचं आणि 20 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर यायचं. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग धरला, तर तेवढ्या वेळात 20 मायक्रोसेकंदांचे पाच हजार तुकडे बसतात.

आता दुसरी घटना, न्यूट्रल तुटण्याची. इथे जरा थांबून आकडे बघू, कारण खरा घोळ इथेच आहे.

डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल येतो, त्यांच्यात 230 व्होल्ट. शेजारच्या घरात दुसरा फेज आणि तोच न्यूट्रल. दोन फेजमध्ये मात्र सुमारे 400 व्होल्ट असतात. न्यूट्रल जागेवर आहे तोवर प्रत्येक घराला आपापले 230 मिळतात. वादळात खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल तुटला की दोन घरं 400 व्होल्टवर एकामागे एक, माळेसारखी जोडली जातात. आणि मग 400 व्होल्टची वाटणी समान होत नाही.

समजा एका घरात 1000 वॅटची इस्त्री चालू आहे आणि दुसऱ्या घरात दिवा, पंखा, चार्जर मिळून 100 वॅटच वापर आहे. सोयीसाठी दोन्ही साधे भार धरले, तर इस्त्रीवाल्या घराला मिळतील 36 व्होल्ट आणि दिवा-पंखावाल्या घराला 364. हो, बरोबर वाचलंत. ज्याचा वापर कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. एका दिव्याचं नवं कनेक्शन घेतलेलं घर या वाटणीत सगळ्यात जास्त मार खातं.

तुमच्या मोबाईल चार्जरवर बारीक अक्षरांत 100-240 व्होल्ट लिहिलेलं असतं. 364 व्होल्ट एसीचं टोक जातं 515 च्या जवळ. चार्जरमधला मोठा कपॅसिटर साधारणपणे 400 व्होल्टचा असतो. तो फुगतो आणि फट्ट होतो. तुम्ही ऐकलेला आवाज बहुतेक तोच. आणि हे मायक्रोसेकंदांत संपत नाही. लाईनमन येऊन न्यूट्रल जोडेपर्यंत किंवा कुणीतरी डीपीवरून लाईन पाडेपर्यंत चालूच राहतं. रात्री पावसात, पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद असताना, तो वेळ किती लांबेल ते भामरागडकरांना वेगळं सांगायला नको.

ओळखायचं कसं? न्यूट्रल गेला की गावात एकाच वेळी काही घरांत दिवे मंद होतात आणि काही घरांत पंखे सुसाट फिरतात. पंखा रेग्युलेटर न हलवता हळू-जोरात होत राहतो. शेजारणीने मिक्सर लावला की तुमचा टीव्ही लुकलुकतो. असं काही दिसलं तर कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच पाडा. आभाळातल्या विजेचा मार मात्र एकाच क्षणात, मोठ्या कडकडाटासोबत येतो, आणि त्यात बऱ्याचदा वीज न वापरणाऱ्या तारांच्या वस्तूही जातात: डिशची केबल लावलेला सेट टॉप बॉक्स, तांब्याच्या वायरचं इंटरनेट.

तारा एकमेकींना लागणं, 11 केव्हीची तार खालच्या लाईनवर पडणं असे आणखी प्रकार आहेत. शेवटच्या प्रकारात कुठलाच घरगुती डबा वाचवू शकत नाही, तिथे लाईन लगेच बंद होणं हाच उपाय.

एसपीडी नेमकं करतं काय

गोसीखुर्दचे दरवाजे डोळ्यांसमोर आणा. धरणात पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे उघडतात, पाणी वैनगंगेत सुटतं, पातळी खाली आली की दरवाजे बंद. एसपीडीतला झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर हेच काम करतो. त्याच्या पोटात सूक्ष्म कणांच्या हजारो सीमा असतात आणि प्रत्येक सीमा साधारण 3 व्होल्टपर्यंत करंटला अडवून धरते. नेहमीच्या 230 व्होल्टला तो जवळपास बंद दारासारखा असतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की काही नॅनोसेकंदांत दार उघडतं, लाटेतला करंट अर्थिंगकडे जातो आणि दार परत बंद होतं.

या उपमेतली नदी म्हणजे अर्थिंग. नदीचं पात्रच बुजलेलं असेल तर दरवाजे उघडून उपयोग काय? पाणी गावातच शिरणार. अर्थिंग नसलेल्या घरात एसपीडी बसवणं म्हणजे नेमकं हेच.

आणि पूर दोन दिवस टिकण्याऐवजी महिनाभर टिकला तर? न्यूट्रल तुटल्यावर व्हॅरिस्टरचं तसंच होतं. 275 व्होल्टसाठी बनवलेल्या एसपीडीला 364 व्होल्ट मिळाले की तो सेकंदाला शंभर वेळा, प्रत्येक टोकाला थोडा थोडा उघडत राहतो. तापतो. चांगल्या कंपनीच्या एसपीडीत आतला उष्णता-विच्छेदक त्याला लाईनपासून तोडतो आणि खिडकीतला हिरवा रंग लाल होतो. स्वस्तातला असेल तर तो पेटूही शकतो. दोन्ही वेळा तुमचा टीव्ही मात्र 364 व्होल्टवरच उभा.

म्हणून स्पष्ट सांगतो: एसपीडी न्यूट्रल तुटण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी वेगळा डबा लागतो, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. तो व्होल्टेजवर नजर ठेवतो आणि ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं, समजा 270 च्या वर किंवा 170 च्या खाली, की घराची लाईनच तोडतो. सगळं ठीक झाल्यावर काही सेकंद किंवा मिनिटं थांबून परत जोडतो. बोर्डात एमसीबीच्या शेजारी, त्याच पट्टीवर बसतो, बऱ्याच मॉडेलवर व्होल्टेजचा आकडाही दिसतो. उलट, हा प्रोटेक्टर आभाळातल्या विजेच्या लाटेपुढे हतबल आहे, कारण त्याचा संपर्क उघडायला मिलिसेकंद लागतात आणि तोवर लाट येऊन गेलेली असते.

तुमच्याकडे पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर? माझं मत असं: अर्थिंग नीट नसेल तर आधी अर्थिंग. अर्थिंग ठीक असेल तर आधी व्होल्टेज प्रोटेक्टर, मग एसपीडी. लांब, जंगलातून येणाऱ्या लाईनवर न्यूट्रल ढिला होणं, तुटणं, फेज-न्यूट्रल एकमेकांना घासणं हा नेहमीचा त्रास आहे आणि त्यात वस्तू जळतातच, कधी घरही पेटतं. कुणी विद्युत अभियंता हा क्रम उलटा सांगेल, विशेषतः उंच टेकडीवरच्या किंवा मोठ्या इमारतीसाठी, आणि तिथे तो बरोबरही असेल. साध्या सिंगल फेज घरासाठी मी हाच क्रम धरीन.

एमसीबी आहे ना, मग कशाला? हा प्रश्न हमखास येतो. एमसीबी बघतो करंट, व्होल्टेज नाही. आरसीसीबी बघतो करंट बाहेर गळतोय का, म्हणजे माणसाला शॉक बसण्यापासून वाचवतो. स्टॅबिलायझर थोडं कमी-जास्त सांभाळतो, पण 364 ला तो स्वतःच जातो. आणि ज्याला आपण स्पाइक गार्ड म्हणतो, त्यातला बराच माल म्हणजे बटण आणि फ्यूज लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड. आत व्हॅरिस्टर असला तरी तिसरी पिन मोडून किंवा टू-पिन अडॅप्टर लावून वापरला की जमिनीकडची वाट संपली. वीज बिल अर्धं करणाऱ्या डब्यांबद्दल तर बोलायलाच नको.

घ्यायचाच असेल तर

डब्यावर आयएस/आयईसी 61643-11 हे मानक लिहिलंय का ते आधी बघा. मग टाइप. टाइप 1 हा मोठा, ज्या इमारतीवर तडितरक्षक म्हणजे विजेचा दांडा आहे तिच्यासाठी. टाइप 3 अगदी उपकरणाजवळ लावायचा छोटा. साध्या घराच्या मेन बोर्डासाठी टाइप 2.

त्यावरचे दोन आकडे महत्त्वाचे. यूसी म्हणजे एसपीडी कायम सहन करू शकेल ते व्होल्टेज. दुकानात 275 चा सहज मिळतो, पण जिथे व्होल्टेज रोजच वर-खाली होतं तिथे 320 चा घेतलेला बरा, नाहीतर तो किरकोळ चढ-उतारानेच म्हातारा होतो. यूपी म्हणजे लाट आल्यावर उपकरणापर्यंत जास्तीत जास्त किती व्होल्ट जाऊ देतो. हा जितका कमी तितका चांगला, 1.5 किलोव्होल्ट किंवा त्याखालचा बघा. घरातली साधी उपकरणं 2.5 किलोव्होल्टचा क्षणिक धक्का सहन करतील अशी, तर नाजूक इलेक्ट्रॉनिक्स 1.5 किलोव्होल्टचा, असं मानक धरतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला 40 किलोॲम्पिअर हा आकडा कमाल करंटचा असतो. त्यावर भाळण्यापेक्षा यूपी बघा.

आपल्याकडे ग्राहकाचं अर्थिंग बहुधा त्याच्या घरापाशीच, वेगळं असतं. अशा ठिकाणी 1+1 जोडणीचा एसपीडी योग्य: फेज आणि न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर, न्यूट्रल आणि अर्थमध्ये गॅस डिस्चार्ज ट्यूब. तो आरसीसीबीच्या आधी, मीटरच्या बाजूला बसवतात. नंतर बसवला तर प्रत्येक लाटेला आरसीसीबी उगीच पडेल.

आणि बसवताना वायर आखूड. हे वायरमनला दोनदा सांगा, कारण सवयीने तो छान वळणं देऊन लांब वायर टाकतो. मोठ्या लाटेत एक मीटर वायरवरच हजार व्होल्टच्या आसपास वाढू शकतात. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थची पट्टी, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायचं असा नियम आहे. दीड किलोव्होल्टचा महागडा एसपीडी घेतला आणि दोन मीटर वायरने जोडला, तर टीव्हीला साडेतीन मिळतील.

अर्थिंग, ज्याबद्दल कुणी रील बनवत नाही

प्लगच्या तिसऱ्या भोकात वायर आहे का हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? जुन्या घरांत ते रिकामं असतं. कुठे ती वायर हातपंपाला किंवा नळाच्या पाइपला बांधलेली असते. सगळ्यात धोकादायक म्हणजे तिसरी पिन सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडलेली असते. 'चालतंय ना' म्हणून सोडून दिलेलं असतं. अशा घरात बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यातच करंट येतो. हे एसपीडीचं काम नाही, जिवाचं आहे. आजच परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः टेस्ट लॅम्प घेऊन प्रयोग करू नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे ती जमिनीची. जिवतीच्या माणिकगड डोंगरावर किंवा एटापल्लीच्या टेकड्यांवर खणलं की दगड लागतो. खडकाळ, कोरडी जमीन करंटला वाट देत नाही. त्यात नेमक्या मे-जूनच्या पहिल्या वादळांच्या वेळी, म्हणजे तेंदूपत्त्याच्या हंगामात, माती सर्वांत कोरडी असते. अर्थिंग सर्वांत कमजोर आणि विजा सर्वांत जास्त, असा हा योग. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायचं ते जुने लोक सांगतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. आयएस 3043 हे अर्थिंगचं भारतीय मानक आहे. खडकाळ जागी एकाऐवजी दोन-तीन पाइप अंतर सोडून पुरायचे आणि एकमेकांना जोडायचे, हा त्यातला सरळ मार्ग. अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्या. 'झालं साहेब' हे मोजमाप नव्हे.

पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर बसवणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवायचं. छतावर पत्रे, पॅनेल, तारा वाढल्या की लाटेला यायला वाटाही वाढल्या. पॅनेलकडच्या बाजूला डीसीसाठीचा वेगळा एसपीडी आणि घराच्या बाजूला एसीसाठीचा, असे दोन लागतात. डीसीच्या जागी एसीचा लावणं चालत नाही. विक्रेत्याकडून डबे उघडून दाखवून घ्या.

शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या छतांवर हल्ली शे-शंभर मीटरचं संरक्षण देणारे म्हणून चकचकीत दांडे दिसतात. आयएस/आयईसी 62305 या मानकात दांड्याची प्रत्यक्ष उंची आणि आकार एवढंच मोजलं जातं, जादा परिघाच्या दाव्याला त्यात जागा नाही. आणि दांडा कितीही चांगला असला तरी तो इमारत वाचवतो, शाळेतला कॉम्प्युटर नाही.

प्लग काढा, बटण नाही

हे सगळं बसवेपर्यंत एक फुकटचा उपाय आहे. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप तुमच्या लोकेशनच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील तर सावध करतं. 40 चा इशारा आला की टीव्ही, राउटर, चार्जर, फ्रिजचे प्लग काढा, डिशची केबलही काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही. बटण एकच तार तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि बटणाच्या आतली काही मिलिमीटरची फट मोठी लाट सहज ओलांडते. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र बोर्डाला हात लावू नका. राहिलं ते राहिलं.

मोबाईल वीज खेचतो हा समज खोटा आहे. चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाला लावणं मात्र खरंच धोक्याचं, कारण तेव्हा तुम्ही लाईनला तारेने जोडलेले असता. फायबरचं इंटरनेट असेल तर काचेच्या तंतूतून लाट येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो, हे विसरू नका. आणि विजेने दरवर्षी देशात अडीच हजारांवर माणसं जातात, 2022 साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2887 मृत्यू होते. त्यातले बहुतेक घराबाहेरचे. एसपीडी त्यांच्यासाठी नाही.

जळाल्यावर कुणाला विचारायचं

इथे सुरुवातीच्या त्या वाक्याकडे परत जावं लागतं. "वीज पडली" असं तुम्ही स्वतःच म्हणालात की प्रकरण निसर्गावर ढकललं जातं आणि तिथेच मिटतं. न्यूट्रल तुटणं हा लाईनच्या देखभालीचा प्रश्न आहे, आणि देखभाल वितरण कंपनीची. म्हणून तक्रारीत काय लिहिता याला महत्त्व आहे.

जुन्या मीटरच्या काळात हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. आता स्मार्ट मीटर, ज्याला महावितरण टीओडी मीटर म्हणतं, गावोगाव बसतायत. त्यांच्याबद्दल लोकांच्या शंका आहेत, बिलाची भीती आहे, मोर्चे निघालेत. ती चर्चा चालू राहू द्या. पण या मीटरची एक बाजू कुणी फारशी सांगत नाही: आयएस 16444 मानकाचा सिंगल फेज स्मार्ट मीटर ठराविक वेळाने सरासरी व्होल्टेज नोंदवतो आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्याची घटना वेळेसह लिहून ठेवतो. म्हणजे रात्री 9 वाजून 10 मिनिटांनी तुमच्या घरात 360 व्होल्ट आले होते याचा साक्षीदार तुमच्याच भिंतीवर आहे. बिल वसूल करायला जो मीटर वापरला जातो, तोच ग्राहकाच्या बाजूनेही बोलू शकतो. अट एवढीच की ती नोंद कुणीतरी मागायला हवी.

मग असं करा. लाईन विचित्र वागतेय हे दिसताच 1912 वर किंवा महावितरणच्या ॲपवर तक्रार नोंदवा, जळून गेल्यावर नव्हे. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. शेजारच्या घरातले मंद दिवे आणि तुमचा सुसाट पंखा, दोन्हींचे व्हिडिओ काढा. व्होल्टेज प्रोटेक्टरवर आकडा दिसत असेल तर त्याचा फोटो. एकाच डीपीवरच्या जितक्या घरांत नुकसान झालंय त्यांनी मिळून एकच अर्ज द्या, आणि त्यात त्या तारखेची मीटरमधली व्होल्टेजची नोंद लेखी मागा. डिसेंबर 2020 चे वीज ग्राहक हक्क नियम आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे 2021 चे सेवा-मानक विनियम यांत पुरवठ्याच्या आणि व्होल्टेजच्या तक्रारींसाठी मुदती आणि भरपाईची तरतूद आहे. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल, त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. जळालेल्या टीव्हीच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. सेवेत कसूर झाली हे दाखवावं लागेल, आणि तिथे मीटरची ती नोंद कामी येईल.

अर्जात आणखी एक मागणी घाला: पावसाळ्याआधी डीपीचा न्यूट्रल जोड आणि डीपीचं अर्थिंग तपासून त्याची तारीख कळवावी. वर चढून एक ढिला बोल्ट घट्ट करण्याचं काम आहे ते. तो घट्ट असेल तर पन्नास घरांना पन्नास डबे विकत घ्यावे लागणार नाहीत.